बदरला न गेलेले उस्मान

सतरावा रोजा आला की मशिदींतल्या बयानात बदरची आठवण निघते. हिजरी सन दोनमध्ये, याच तारखेला, मदिनेपासून साधारण दीडशे किलोमीटरवर तीनशेच्या आसपास माणसं आपल्याहून तिप्पट मोठ्या फौजेसमोर उभी राहिली आणि जिंकली. त्यांच्याजवळ किती उंट होते, घोडे किती होते, हे लहान मुलांनाही पाठ असतं. त्या दिवशी तिथे नसलेल्या एका माणसाविषयी मात्र फार थोडं बोललं जातं. पुढे तिसरे खलिफा झालेले हजरत उस्मान (रजि.) बदरला गेले नव्हते. त्यांची पत्नी आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनीच उस्मानना घरी थांबवलं. बदरमध्ये हजर असलेल्याला जे पुण्य आणि जो वाटा मिळेल, तोच तुम्हालाही मिळेल, असं त्यांना सांगण्यात आलं. विजयाची बातमी घेऊन निरोप्या मदिनेत शिरला, तेव्हा रुकय्यांचा दफनविधी चालू होता.

गोष्ट इथे संपत नाही. पुष्कळ वर्षांनी हजला आलेल्या एका माणसाने याच गैरहजेरीवरून उस्मानांना बोल लावला. हे बदरला नव्हते ना, असा त्याचा सूर होता. प्रेषितांचे सहकारी हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी त्याला बसवून घेतलं आणि सगळी हकिकत सांगितली. हा प्रसंग बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. म्हणजे आजारी माणसापाशी थांबलेल्याला ‘तू दिसला नाहीस’ म्हणून टोकायची सवय चौदाशे वर्षांची जुनी आहे, आणि तिला दिलेलं उत्तरही तितकंच जुनं आहे. सवय टिकली, उत्तर विसरलं गेलं.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कर्करोगाचं निदान झालं की घराची दिशाच बदलते. सगळे रस्ते परळकडे वळतात. शहापूरच्या माणसाने आसनगाव स्टेशन गाठायचं आणि कसारा लोकलने दादरला जवळपास दोन तासांनी उतरायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटीने किंवा जीपने आधी कल्याण, मग लोकल. टोकावडे, धसई किंवा डोळखांब, किन्हवलीच्या पुढच्या गावांतून निघणाऱ्याला तालुक्याचं ठिकाण गाठण्यातच सकाळ जाते. रुग्णालयाच्या रांगेत वेळेवर उभं राहायचं तर सहरीच्या आधीच घर सोडावं लागतं. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय ताप, बाळंतपण, सर्पदंश सांभाळतं. किरणोपचाराचं यंत्र तिथे नाही.

या प्रवासात रुग्णासोबत कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. नवऱ्यासोबत बायको, बायकोसोबत नवरा. पण कर्करोग पन्नाशी-साठीत येतो तेव्हा जोडीदारही धडधाकट असतोच असं नाही. एक घर डोळ्यांसमोर आणावं. बाईला स्तनाचा कर्करोग, केमो तीन आठवड्यांतून एकदा. नवऱ्याला मधुमेह, पायाची जखम भरत नाही, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. मुलगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला, मुलगी सासरी. अशा घरात रुग्ण कोण आणि सेवा करणारा कोण? कागदावर दोघांच्या दोन फायली. प्रत्यक्षात केमोहून परतलेली बाईच नवऱ्याची साखर तपासते, पट्टी बदलते, त्याला मोरीपर्यंत धरून नेते. तिच्या बोटांना मुंग्या येत असतात. काही औषधांनी हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, गरम भांडं हातात नीट धरता येत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही. आणि त्याच हातांनी तिला दुसऱ्याचं अंग सावरायचं असतं.

अशा दुहेरी आजाराबद्दल कोणी फारसं बोलत नाही. दवाखाना एका माणसाला एका वेळी पाहतो. नातेवाईक ‘तिला जरा बरं नाही’ किंवा ‘त्यांना जरा बरं नाही’ यांपैकी एकच वाक्य म्हणतात.

परळच्या ज्या रुग्णालयाकडे हे सगळे रस्ते वळतात, त्याच्या मुळाशीही एका जोडप्याचीच कहाणी आहे. मेहरबाई टाटा १९३१ च्या जूनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या हवाली केली आणि पुढच्याच वर्षी, ३ जून १९३२ रोजी, पत्नीच्या कबरीकडे जाण्याच्या प्रवासात जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या ट्रस्टने उभारलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. टाटांकडे पैशाची कमी नव्हती, उत्तम डॉक्टर परवडत होते, तरी वर्षभराच्या आत घरातली दोन्ही माणसं गेली. जोडीदाराचा कर्करोग दुसऱ्याला आतून किती पोखरतो, याचा हिशेब वैद्यकीय अहवालात कधी लिहिला जात नाही.

आता रमजान. आजारी माणसाला रोजा माफ आहे, हे मुसलमानांच्या घरात सर्वांना माहीत असतं. शेजारच्या हिंदू वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत, आजारी आणि प्रवासी यांना सूट दिली आहे आणि लगेच कारणही सांगितलं आहे की अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. बरं झाल्यावर सुटलेले रोजे पुढे पूर्ण करायचे. बरं होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण द्यायचं, त्याला फिदया म्हणतात. प्रवासाच्या सुटीसाठी अंतराचा हिशेब असतो. तो सुमारे ७७ ते ८१ किलोमीटरच्या आसपास धरला जातो, आणि गंमत अशी की शहापूर-परळ किंवा मुरबाड-परळ हे अंतर नेमकं त्याच्या उंबरठ्यावर येतं. तो बारीक हिशेब ज्याने त्याने आपल्या इमामांना विचारावा. आजाराच्या सुटीला मात्र किलोमीटर मोजावे लागत नाहीत.

केमो चालू असताना रोजा धरणं हा धाडसाचा नाही, धोक्याचा मामला आहे. सिस्प्लॅटिनसारख्या औषधानंतर मूत्रपिंड वाचवायला भरपूर पाणी प्यावं लागतं. उलट्या होत असतील तर अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. दुखण्यासाठी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन सुरू असेल तर साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यावी लागते. सहरी ते इफ्तार तेरा-चौदा तासांचं अंतर पडलं की दुखणं पुन्हा वर येतं, आणि एकदा वर आलं की आवरायला जास्त औषध लागतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्याची लाळ आटते, तोंडात फोड येतात, कोमट पाण्याचा घोटही टोचतो. अशा माणसाला दिवसभर घोट घोट पाणी हवं, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या हव्यात. तंबाखू, गुटखा आणि मशेरीने या दोन्ही तालुक्यांत किती तोंडं जाळली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, एवढंच इथे नोंदवून ठेवायचं.

हे सगळं समजावून सांगितलं तरी बरीच माणसं रोजा सोडायला तयार होत नाहीत. त्यांच्या श्रद्धेवर हसण्याचं कारण नाही. आयुष्यभर एक रोजा चुकला नाही, आणि आता अंगात केस राहिले नाहीत, चव राहिली नाही, ओळखीचं असं हे एकच काही उरलं आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या हट्टामागे बऱ्याचदा श्रद्धेपेक्षा लाज जास्त असते. मोहल्ल्यात दिवसा पाणी पिताना कोणी पाहील याची लाज. नाक्यावरचा माणूस विचारतो, ‘काय चाचा, रोजा नाही?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. ऐकणाऱ्याला त्यावर आपल्या आजाराचा सगळा पाढा वाचावा लागतो. केमोच्या डब्यात बसून आलेल्या माणसाला पुन्हा एकदा चौकात उभं करायचं कशाला? हा प्रश्न विचारायचंच बंद करावं, इतकं साधं आहे ते.

आणि बाईच्या बाबतीत तर माफीचा अर्थच निराळा लावला जातो. तिला रोजा माफ असतो, चूल माफ नसते. केमोनंतर पाच-सहा दिवस फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं. तरी पहाटे साडेतीनला उठून घरच्यांची सहरी तीच करते, संध्याकाळी भजी तळते, कारण ‘तिचा तर रोजा नाहीये, तिला काय त्रास’. हे वाक्य चांगल्या घरांत, शिकलेल्या माणसांच्या तोंडी ऐकू येतं. रोजाची सूट म्हणजे कामाची वाढ असा हिशेब कोणत्याही शरीयतमध्ये नाही. प्रेषित घरात असताना घरकाम करत, स्वतःचे कपडे शिवत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडूनच आलेलं आहे. सुन्नत म्हणून दाढी आणि मिसवाक लक्षात राहतात, सुईदोरा राहत नाही.

नवऱ्याचं उलटं होतं. बायको आजारी असली की त्याच्याकडून घरातलं काम कोणी धरत नाही, पण त्याने तरावीहला पहिल्या सफमध्ये असावं ही अपेक्षा कायम असते. बायकोला रात्री ताप आला म्हणून घरी थांबलेला माणूस दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीवर कारण सांगताना ओशाळतो. तरावीह सुन्नत नमाज आहे, ती घरीही पढता येते. आणि केमोतल्या माणसाचा ताप ही थट्टा नाही. डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नसते, तडक रुग्णालय गाठायचं असतं. रात्री अकराला खर्डी किंवा सरळगावातून तडक म्हणजे कशाने, याचं उत्तर ज्याच्या घरी गाडी नाही त्याला विचारावं. तेव्हा मशिदीत नसलेला माणूस दारातच उभा असतो, गाडीवाल्याला फोन लावत. उस्मानही घरीच थांबले होते.

घरातले दोघेही आजारी असतील तर एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगावर येतो, तेही ध्यानात घ्यावं लागतं. एकाला क्षय आणि दुसऱ्याची केमो, हे जोडपं एका खोलीत झोपत असेल तर डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. दोघांचे डॉक्टर वेगळे असल्यामुळे ते आपोआप कळत नाही. मधुमेही नवऱ्याच्या पायाची जखम केमो घेणाऱ्या बाईने उघड्या हातांनी धुवू नये. आणि केमोनंतरचे दोन दिवस तिच्या उलटी-लघवीत औषधाचा अंश असतो, म्हणून साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, शौचालयात भरपूर पाणी टाकावं. भरपूर पाणी, हे लिहायला सोपं आहे. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबई त्यांवर जगते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. परळच्या वॉर्डात नळाला येणाऱ्या पाण्यात भातसाचं पाणी असतं आणि तिथले डॉक्टर शहापूरच्या बाईला सांगतात, रोज तीन लिटर पाणी प्या. ती मान डोलावते.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली होती, कर्करोगाचे बरेचसे उपचार बसतात. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येतं. एसटीत मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना अर्धं तिकीट आहे. या सगळ्यांचा उपयोग होतो. योजनेत न बसणारा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी, सोबत्याचं जेवण, आणि किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे चालतात तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न. मुरबाडहून रोज जाऊन-येऊन करणं त्या अवस्थेत शक्य नसतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने या प्रश्नाचं ओझं कित्येक वर्षं उचललं आहे, आणि तिथे जात-धर्म विचारला जात नाही. तिथे जागा मिळाली नाही तर फूटपाथ. परळच्या फूटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपलेल्या जोडप्यांत आजारी कोणता आणि सोबती कोणता, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला ओळखू येत नाही.

इथे रमजानचा खरा उपयोग होऊ शकतो. या महिन्यात जकात निघते, वर्षभराच्या शिलकीच्या अडीच टक्के. दोन्ही तालुक्यांत ती बहुतेक मदरशांच्या पावत्यांत आणि दारी येणाऱ्यांच्या हातात जाते. त्यात वाईट काही नाही. पण सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि वाटेवरचा प्रवासीही आहे. गावातलं कर्करोगाचं घर एकाच वेळी तिन्हींत बसतं आणि पावती घेऊन दारी येत नाही. ते शोधावं लागतं. सदका तर कोणालाही देता येतो. शेजारच्या पाड्यावरच्या ठाकूर किंवा कातकरी बाईची फाईल परळलाच असेल तर तिच्यासाठीही. शहापूरच्या दोन-तीन मोहल्ल्यांनी मिळून परळजवळ सहा महिन्यांसाठी एक खोली भाड्याने घेतली तर किती घरांचा फूटपाथ सुटेल, याचा हिशेब करायला फार शिकलेलं असायला नको. इफ्तार पार्ट्यांच्या मंडपांवर दरवर्षी होणारा खर्च डोळ्यांसमोर आहेच. त्या पार्ट्यांना सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, टोपी घालून फोटो काढतात. त्यातली एक कमी झाली तर भाईचाऱ्याला फारसा धक्का बसेल असं वाटत नाही.

पैशाहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे एक दिवस. दुहेरी आजाराच्या घरात सगळ्यात आधी संपतो तो सोबतीचा माणूस. रांगेत उभं राहणारा, रिपोर्ट आणणारा, परतीच्या लोकलमध्ये उलटीची पिशवी धरणारा. आणि त्याच दिवशी घरी दुसऱ्या आजारी माणसाला वेळेवर इन्सुलिन देणारा. वस्तीतल्या दहा माणसांनी महिन्यातला एकेक दिवस वाटून घेतला तरी त्या जोडप्याचा महिना निभतो. रोजेदाराने परळचा दिवस घ्यायचाच असं नाही. ज्यांचा उपवास नाही ते शेजारी या महिन्यात जास्त उपयोगाचे आहेत, आणि नवरात्रात किंवा श्रावणात हिशेब उलटा करता येईल. उपवासाच्या दिवशी घरातल्या आजारी सुनेने उपवास धरला नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या सासवा फक्त एकाच धर्मात सापडतात असंही नाही.

शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटाबद्दलही बोलायला हवं. रमजानात इफ्तारची ताटं घरोघर जातात, त्यात भजी, समोसे, तिखट कबाब असतात. तोंडात फोड आलेल्याला त्यातलं काहीच चालत नाही, मधुमेह असलेल्याला खजूर आणि शरबत जपून घ्यावं लागतं. ते ताट नम्रपणे घेतलं जातं आणि मुलांना दिलं जातं. त्याऐवजी गार केलेली मऊ खिचडी, दही-भात, नाचणीची पेज, पातळ दाल न्यावी. केमोत तोंडाला धातूसारखी चव येते, गरम अन्नाचा वास सोसत नाही, म्हणून गार. कच्ची कोशिंबीर आणि उघड्यावर कापलेलं कलिंगड नेऊ नये, जंतूंची भीती असते. ताट झाकून दारात ठेवावं आणि आत जाऊन अर्धा तास बसू नये. आजारी माणसाला पाहुण्यासाठी उठून बसावं लागतं, डोक्याला ओढणी शोधावी लागते.

ईदला तर हे विशेष पाळावं लागेल. त्या दिवशी दार उघडंच असतं, गळाभेट टाळणं अपमान वाटतो, शीरखुर्म्यासाठी प्रत्येकाला आत बोलावलं जातं. ज्या घरात केमो चालू आहे तिथे खोकला-सर्दी असलेल्याने उंबऱ्याबाहेरूनच सलाम करावा, लहान मुलांना हात धुवायला लावावेत. आणि शीरखुर्मा त्या घरातल्या बाईने करायची वेळ येऊ नये. सकाळी नमाजहून परतताना एका डब्यात आणून द्यावा, साखर न घातलेला एक पेला वेगळा.